झिओलाइट : पाषाणाच्या पोटांतील आम्ल

एखाद्या निष्ठुर माणसाला दया आली म्हणजे दगडाला पाझर फुटला, असें मराठींत म्हणतात. परंतु खरोखरीच्या दगडांतून पाणी उकळून बाहेर पडतांना एका शास्त्रज्ञानें पाहिलें व त्याची रीतसर नोंद करून ठेवली, ती गोष्ट १७५६ सालची आहे. स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट हा कांहीं खनिजांचे नमुने फुंकणीच्या ज्योतींत धरून त्यांची परीक्षा करीत होता. त्यांतील एक खनिज तापतांच फसफसूं लागलें व त्यांतून वाफ निघूं लागली. क्रोनस्टेटनें ग्रीक भाषेंतील 'उकळणें' आणि 'दगड' या अर्थांच्या दोन शब्दांची सांगड घालून त्याला 'झिओलाइट' असें नांव दिलें.

महाराष्ट्राला हें खनिज परकें नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर जो लाव्हारस पसरला, तो थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले. पुढें त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलें आणि तेथें स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या झिओलाइटांचे सुंदर स्फटिक वाढले. सह्याद्रीच्या घाटांतून रेल्वेसाठीं खडक फोडला जाऊं लागला तेव्हां असे स्फटिक उजेडांत आले. पुणें, नाशिक, जळगांव या भागांतील दगडांच्या खाणींतून निघालेले नमुने आज देशोदेशींच्या संग्रहालयांत मानानें मांडलेले आहेत.

मात्र हा दगड केवळ कपाटांत मांडण्याच्या शोभेचा नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्याला तो प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार करण्याची विद्या साधली आणि पुढें पन्नास वर्षांत त्यानें एका साऱ्या उद्योगाचें रूप पालटून टाकलें. मोटारीच्या टाकींत पडणाऱ्या पेट्रोलचा मोठा भाग आज कोठें ना कोठें झिओलाइटाच्या पोटांतून गेलेला असतो. तेथें त्याचें काय होतें, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. झिओलाइटाच्या पोटांत एक आम्ल दडलेलें आहे. त्या आम्लाच्या सहवासांत सेंद्रिय पदार्थाचा रेणु शिरला, कीं त्याच्यावर विद्युद्भार चढतो काय, चढलाच तर तो टिकतो काय, या प्रश्नावर रसायनशास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षें वाद झाला. त्या वादाचा निकाल समजून घेणें मनोरंजक तर आहेच, पण उपयुक्तहि आहे.

प्रथम या पाषाणाची रचना पाहावी. वाळूंत असतात तेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणु झिओलाइटांत असतात. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांच्या मध्यें बसलेला असतो व प्रत्येक ऑक्सिजन दोन शेजाऱ्यांच्या सामाईक मालकीचा असतो. वाळूंत हे अणु दाटीनें रचलेले असतात. झिओलाइटांत त्यांची रचना जाळीदार खिडक्यांच्या वाड्यासारखी असते. त्यांत खोल्या असतात, बोगदे असतात, एका खोलींतून दुसरींत जाण्याच्या वाटा असतात. आणि या सर्वांची मापें स्फटिकाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अगदीं एकसारखीं असतात. झेडएसएम-५ या नांवाच्या प्रसिद्ध कृत्रिम झिओलाइटाचे बोगदे सुमारें साडेपांच अँगस्ट्रॉम रुंद आहेत. अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. बेंझिनचा रेणु या बोगद्यांतून अंग चोरून जाऊं शकतो. त्याहून धिप्पाड रेणूला दारांतूनच परत फिरावें लागतें. वाय नांवाच्या दुसऱ्या झिओलाइटाचीं दारें सुमारें साडेसात अँगस्ट्रॉमचीं असून आंतील दालनें बारा-तेरा अँगस्ट्रॉम रुंद आहेत. अशा नानाविध घडणींचे अडीचशेंहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. हे बोगदे आणि दालनें इतकीं दाट असतात, कीं चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम भुकटीच्या पोटांतील भिंती उलगडून पसरल्या तर त्या कित्येक शें चौरस मीटर जागा व्यापतील.

आतां हें आम्ल तेथें येतें कोठून? या वाड्यांत मधून मधून सिलिकॉनच्या जागीं अॅल्युमिनियमचा अणु बसविलेला असतो. सिलिकॉन हा चार हातांचा, तर अॅल्युमिनियम तीन हातांचा. चौघांना धरून ठेवण्याची जागा तिघांपुरत्या शक्तीच्या माणसाला दिली म्हणजे हिशेबांत एकाची तूट येते. ही तूट म्हणजे त्या जागीं भिंतीवर राहणारा एक ऋण विद्युद्भार. तो फेडण्यासाठीं जवळच एखादा धन आयन, म्हणजे धन भार असलेला कण, असावाच लागतो. झिओलाइट प्रथम तयार होतो तेव्हां हें काम बहुधा सोडियमचा आयन करतो. मग तो झिओलाइट अमोनियम क्षाराच्या द्रावणांत ठेवला, म्हणजे सोडियम बाहेर येऊन अमोनियम त्याची जागा घेतो. नंतर चारशें ते पांचशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें, कीं अमोनिया उडून जातो आणि मागें राहतो तो प्रोटॉन. प्रोटॉन म्हणजे आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा अणु. हा अनाथ कण सिलिकॉन व अॅल्युमिनियम यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या आश्रयाला जाऊन बसतो. १९२३ सालीं कोपनहेगनचे ब्रन्स्टेड आणि इंग्लंडमधील लोरी यांनीं, दुसऱ्याला प्रोटॉन देतें तें आम्ल आणि तो घेतें तो आम्लारि, अशी व्याख्या केली. या व्याख्येनें पाहिलें तर झिओलाइट हें हाताला कोरडें लागणारें, पाण्यांत न विरघळणारें, परंतु खरेंखुरें आम्ल ठरतें.

अशा झिओलाइटावर सेंद्रिय द्रव्याची वाफ सोडली, कीं तिचे रेणु बोगद्यांत शिरून भिंतींना बिलगतात. यालाच अधिशोषण म्हणतात. टीपकागद शाई पितो तसा हा प्रकार वाटला, तरी दोहोंत मोठें अंतर आहे. येथें रेणु चोहोंबाजूंनीं भिंतींनीं वेढलेला असतो आणि त्या भिंती त्याच्याशीं सतत आकर्षणाचें नातें ठेवून असतात.

या नात्याचें महत्त्व कळण्यासाठीं मिठाच्या पाण्याचें उदाहरण घ्यावें. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे धन व ऋण आयन सुटे होतात, हें आऱ्हेनियसनें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपूर्वींच मांडलें. हे विरुद्ध भार एकमेकांकडे धांव घेत नाहींत याचें कारण पाण्याचे रेणु प्रत्येकाभोंवतीं कडें करून उभे राहतात. कोऱ्या पोकळींत दोन विरुद्ध भार वेगळे करावयाचे तर फार मोठी ऊर्जा खर्चावी लागते. झिओलाइटाच्या बोगद्यांत पाणी नसतें. पण तेथें भिंतींतील ऑक्सिजनचे अणु पाण्याची कांहीं कामगिरी उचलतात. थोडक्यांत, या वाड्यांत भिंतच आम्ल असते, भिंतच भांडें असतें आणि भिंतच द्रावकहि असते.

अशा ठिकाणीं सेंद्रिय रेणूवर धन भार येण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्यानें भिंतीकडून प्रोटॉन घ्यावा. दुसरा, त्यानें आपला एखादा इलेक्ट्रॉन गमवावा. पहिला मार्ग राजमार्ग आहे, दुसरा आडवाट आहे.

पहिल्या मार्गाचें सर्वांत स्वच्छ उदाहरण पिरिडीनचें. पिरिडीन हा उग्र वासाचा द्रव असून त्यांतील नायट्रोजनच्या अणूला प्रोटॉनची मोठी हांव असते. आम्लयुक्त झिओलाइटांत तो शिरला, कीं भिंतीवरचा प्रोटॉन उचलतो व पिरिडिनियम आयन बनतो. हें घडलें हें कशावरून समजावें? प्रत्येक रासायनिक बंध आपापल्या तालावर कंप पावतो व त्या तालाशीं जुळणारे अवरक्त किरण शोषून घेतो. झेडएसएम-५ मधील प्रोटॉन व ऑक्सिजन यांच्या बंधाची खूण दर सेंटिमीटरला सुमारें ३६१० लहरींपाशीं उमटते. पिरिडीन आंत सोडतांच ती खूण मावळते आणि १५४५ च्या सुमारास नवी खूण उगवते. ती पिरिडिनियम आयनाची सही होय. पिरिडीन प्रोटॉनऐवजीं उघड्या पडलेल्या अॅल्युमिनियमला चिकटला असता तर खूण १४५० च्या जवळ पडली असती. एवढ्या साध्या परीक्षेनें झिओलाइटांत कोणत्या जातीचें आम्ल किती आहे, हें जगभर आज मोजलें जातें.

पण प्रत्येक रेणु असा प्रोटॉन घेत नाहीं. कोण घेईल व कोण घेणार नाहीं, हा अखेरीस जमाखर्चाचा प्रश्न आहे. हा हिशेब मोलागणिक करतात; जसें डझन किंवा कोडी मोजावी, तशी मोल ही रेणूंची एक ठराविक, फार मोठी संख्या आहे. झिओलाइटाच्या भिंतीपासून प्रोटॉन उपटून दूर नेण्यास दर मोलाला सुमारें १२०० किलोजूल ऊर्जा लागते. हा खर्च झाला. तोच प्रोटॉन अमोनियाला दिला तर सुमारें ८५४ किलोजूल परत मिळतात. ही जमा झाली. म्हणजे अद्यापि सुमारें साडेतीनशें किलोजूलांची तूट आहे आणि या हिशेबानें अमोनियानें प्रोटॉनला हातहि लावूं नये. प्रत्यक्षांत तो तत्काळ अमोनियम बनतो, इतकेंच नव्हे तर या अधिशोषणांत दर मोलाला १४५ ते १५० किलोजूल उष्णता बाहेर पडते. ही भर कोठून आली? नवा अमोनियम आयन धन भाराचा आणि मागें राहिलेली भिंत ऋण भाराची. तो आयन लांब जात नाहीं, भिंतीलाच लगटून बसतो आणि आपले हायड्रोजन तिच्या ऑक्सिजनांकडे वळवितो. या मीलनांतून पांचशें किलोजूलांच्या जवळपास ऊर्जा मिळते, तीच सारी तूट भरून काढून वर शिल्लक टाकते. म्हणून आयन होणें न होणें हें केवळ आम्लाच्या तेजावर किंवा पाहुण्याच्या हांवेवर अवलंबून नाहीं. नव्या आयनाला भिंतीशीं किती जवळीक करतां येते, यावरहि तें अवलंबून आहे.

हा धडा ध्यानांत ठेवून पाण्याकडे पाहावें. पाण्याच्या एकट्या रेणूला प्रोटॉन दिल्यास केवळ सुमारें ६९१ किलोजूल मिळतात. तूट एवढी मोठी, कीं तो प्रोटॉन घेत नाहीं. त्याच्याशीं हायड्रोजनबंधानें हातमिळवणी करून स्वस्थ बसतो. परंतु त्याच जागीं दोन-तीन रेणु एकत्र जमले, म्हणजे त्यांचा मेळावा मिळून प्रोटॉन घेऊं शकतो, कारण आलेला भार सर्वांमध्यें वांटला जातो. एकट्याला न पेलणारें ओझें चौघांनीं उचलावें, तसाच हा प्रकार.

अॅसिटोनची कथा याहून बोधप्रद आहे. त्याला प्रोटॉन दिल्यास सुमारें ८१२ किलोजूल मिळतात. म्हणजे तो पाण्याच्या वर, पण अमोनियाच्या खालीं. अॅसिटोनमधील मधल्या कार्बनवर इलेक्ट्रॉनांचें आवरण किती विरळ झालें आहे, हें चुंबकीय अनुनादाच्या यंत्रानें मोजतां येतें. मोकळ्या अॅसिटोनसाठीं हा आंकडा २०५ च्या आसपास येतो. शंभर टक्के गंधकाम्लांत, जेथें प्रोटॉन पुरता अॅसिटोनकडे जातो, तेथें तो २४५ च्या जवळ जातो. झेडएसएम-५ च्या पोटांत तो सुमारें २२३ वर थांबतो. या आंकड्याचा अर्थ सरळ आहे. प्रोटॉन अॅसिटोनकडे झुकला आहे, पण त्यानें भिंतीचा हात सोडलेला नाहीं.

या आंकड्यानें एका मोठ्या समजुतीला धक्का दिला. हंगेरींत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांनीं गंधकाम्लाहून कित्येक पटींनीं तीव्र अशीं द्रव आम्लें वापरून, पूर्वीं केवळ कल्पनेंत असलेले कार्बनचे धन आयन बाटलींत स्थिर ठेवून दाखविले. या कार्याबद्दल १९९४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. इकडे झिओलाइट हा पॅराफिनसारख्या अत्यंत निरिच्छ पदार्थांचीहि मोडतोड करतो, हें कारखान्यांतून दिसत होतें. तेव्हां झिओलाइट हेंहि असेंच महातीव्र आम्ल असलें पाहिजे व त्याच्या बोगद्यांत कार्बनचे आयन थव्यांनीं वावरत असले पाहिजेत, असें अनुमान अनेकांनीं केलें. अनुमान मोहक होतें, पण कसोटीला उतरलें नाहीं. जेम्स हॉ व त्यांचे अमेरिकन सहकारी यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत चुंबकीय अनुनाद आणि सैद्धांतिक गणितें यांच्या साह्यानें दाखवून दिलें, कीं झिओलाइट हें तीव्र आम्ल खरें, पण महातीव्र नव्हे.

मग बोगद्यांत शिरलेल्या हायड्रोकार्बनांचें होतें तरी काय? आयसोब्युटीनचें उदाहरण घ्यावें. या रेणूंत एक दुहेरी बंध आहे व प्रोटॉन घेतल्यास तो टर्शरी ब्युटाइल नांवाचा कार्बन-आयन होतो. त्यापासून सुमारें ८०२ किलोजूल मिळतात; अमोनियाहून पन्नासच कमी. पण या आयनाला अमोनियमप्रमाणें भिंतीशीं घट्ट हायड्रोजनबंध बांधतां येत नाहींत. तो अंगानें मोठा, त्याचा भार मध्यभागीं लपलेला. म्हणून तो फार काळ टिकत नाहीं. एक तर तो घेतलेला प्रोटॉन परत करून पूर्ववत् होतो, किंवा भिंतींतल्या ऑक्सिजनशींच कायमचा बंध जोडून निर्भार होऊन बसतो, किंवा शेजारच्या रेणूवर झडप घालून मोठी साखळी तयार करतो.

कांहीं कार्बन-आयन मात्र खरोखरच टिकतात. १९८९ सालीं हॉ यांच्या गटाला झिओलाइटांत प्रोपीन सोडल्यावर पांच कार्बनांच्या वलयाचा एक आयन स्पष्टपणें दिसला. त्यांत भार एकाच कार्बनवर न राहतां दोन ठिकाणीं वांटलेला असतो. पुढें १९९८ सालीं निकोलस आणि हॉ यांनीं या अनुभवावरून एक नियम बसविला. ज्या हायड्रोकार्बनाला प्रोटॉन दिल्यावर दर मोलाला सुमारें ८७५ किलोजूल किंवा त्याहून अधिक मिळतात, त्याचाच आयन झिओलाइटांत चिरकाल राहूं शकतो. त्याखालच्या पायरीवरील आयन येतात आणि जातात.

परंतु येतात आणि जातात म्हणून ते बिनमहत्त्वाचे ठरत नाहींत, आणि येथेंच या विषयाचें मर्म आहे. कारखान्यांतील भट्टींत सुमारें पांचशें अंश उष्णता असते. त्या धगींत रेणु सारखे भिंतीवर आदळत असतात. त्यांतील एखाद्याला क्षणमात्र पुरेशी ऊर्जा लाभते, तो प्रोटॉन घेतो, क्षणभर आयन होतो आणि त्या एका क्षणांत त्याचा सांगाडा बदलतो किंवा दुभंगतो. मग प्रोटॉन भिंतीला परत मिळतो व भिंत पुढच्या पाहुण्यासाठीं मोकळी होते. १९८४ सालीं हाग आणि डेसो यांनीं तर असें मांडलें, कीं दुहेरी बंध नसलेल्या पॅराफिनलाहि भिंतीचा प्रोटॉन थेट चिकटतो आणि पांच शेजाऱ्यांना धरणारा कार्बन घडीभर अस्तित्वांत येऊन लगेच मोडतो. ओलांच्या बाटलींत आयन वस्तीला होते. झिओलाइटांत ते घाट ओलांडणाऱ्या प्रवाशासारखे असतात. घाटमाथ्यावर कोणी घर बांधीत नाहीं, पण त्या माथ्यावरून गेल्यावांचून पलीकडच्या गांवाला पोंचतां येत नाहीं.

या व्यापारांत वाड्याच्या मापांचाहि मोठा हात असतो. मिथेनॉल या साध्या अल्कोहोलपासून झेडएसएम-५ च्या साह्यानें पेट्रोल करतां येतें. न्यूझीलंडमध्यें मोटुनुई येथें असा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला. पुढें तेथील पेट्रोल बनविण्याचें काम थांबलें. एका कार्बनच्या मिथेनॉलपासून सहा-आठ कार्बनांच्या साखळ्या कशा होतात, हें प्रथम मोठें कोडें होतें. पुढें असें दिसून आलें, कीं बोगद्यांच्या चौकांत बेंझिनच्या जातीचे कांहीं रेणु मुक्काम ठोकून बसतात. त्यांच्या अंगाला मिथेनॉलचे तुकडे एकामागून एक चिकटतात, मग ते धन आयन होतात व लहान हायड्रोकार्बन रेणूंना जन्म देऊन पुन्हां पूर्वपदावर येतात. बीटा नांवाच्या रुंद बोगद्यांच्या झिओलाइटांत सात मिथिल गट ल्यालेला असा आयन प्रत्यक्ष पाहण्यांत आलेला आहे. तो दारांतून बाहेर पडूं शकत नाहीं, पण त्यानें केलेला माल बाहेर पडतो.

आतां दुसऱ्या मार्गाकडे वळावें. येथें रेणु प्रोटॉन घेत नाहीं. आपला एक इलेक्ट्रॉनच गमावतो. उरलेल्या आयनाच्या अंगीं एक जोडीदार हरपलेला इलेक्ट्रॉन राहतो व तो लहानशा चुंबकासारखा वागत असल्यामुळें यंत्रानें टिपतां येतो. डांबरापासून मिळणारा अँथ्रासीन हा तीन वलयांचा पदार्थ घ्यावा. कोऱ्या पोकळींत त्याचा इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारें ७.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या टोंकाच्या किरणांतहि याच्या निम्मीसुद्धां ऊर्जा नसते. असें असतां, तापवून पूर्ण कोरडा केलेला आम्लयुक्त झेडएसएम-५ आणि अँथ्रासीन यांच्या भुकट्या एकत्र केल्या, तर अँथ्रासीन हळूहळू बोगद्यांत शिरतो, पांढऱ्या भुकटीवर रंग चढूं लागतो आणि कोणताहि प्रकाश न पाडतां आयन तयार होतात. बेंझिनचा इलेक्ट्रॉन काढण्यास ९.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्याच्यावर ही जादू चालत नाहीं. म्हणजे येथेंहि जमाखर्च आहेच. फक्त नाणें निराळें.

बाहेर असे आयन क्षणार्धांत नष्ट होतात. परंतु १९९१ सालीं अमेरिकेंत काम करणारे भारतीय रसायनशास्त्रज्ञ रामामूर्ति आणि त्यांचे सहकारी कॅस्पर व कॉर्बिन यांनीं दाखविलें, कीं दोन टोंकांना बेंझिनचीं वलयें असलेल्या लांबट रेणूंचे आयन झेडएसएम-५ च्या बोगद्यांत विलक्षण दीर्घ काळ टिकतात. अरुंद बोगद्यांत बसलेल्या आयनाला ना हालचाल करतां येते, ना कोणी भेटूं येऊं शकतें. एकान्तवासानें आयुष्य वाढावें, तसें हें झालें.

फ्रान्समधील लिल येथें मोआसेत, ब्रेमार आणि व्हेझँ यांनीं या गोष्टीचा पुढें कसून पाठपुरावा केला. त्यांच्या मतें बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन वाड्याच्या भिंतींत, अॅल्युमिनियमच्या आसपास, अडकून पडतो. कांहीं काळानें भिंतींतील ऑक्सिजनचा दुसरा एक इलेक्ट्रॉन अँथ्रासीनच्या रिकाम्या जागीं येतो. अँथ्रासीन निर्भार होतो, परंतु भिंतींत एका जागीं जादा इलेक्ट्रॉन व दुसऱ्या जागीं उणीव, अशी विभक्त जोडी शिल्लक राहते. ती जोडी फार सावकाश, कधीं कधीं कित्येक महिन्यांनीं, एकत्र येते. वनस्पति सूर्यप्रकाशाचा उपयोग करतात तोहि मूलतः असाच, म्हणजे विरुद्ध भार वेगळे करून त्यांना लगेच एकत्र येऊं न देण्याच्या युक्तीनें. म्हणून सौरशक्ति सांठविण्याच्या दृष्टीनें या प्रयोगांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष आहे. इलेक्ट्रॉन नेमका कोणत्या स्थळीं ओढला जातो, प्रोटॉनच्या जागीं कीं भिंतींतून निखळलेल्या अॅल्युमिनियमच्या जागीं, याविषयीं मात्र अद्यापि एकमत नाहीं.

हा सगळा ऊहापोह व्यवहारीं माणसास कशासाठीं हवा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कारखान्यांच्या सुरक्षिततेंत आहे. १९६२ सालापासून झिओलाइट तेलशुद्धीच्या भट्ट्यांत आला आणि तितक्याच खनिज तेलांतून अधिक पेट्रोल मिळूं लागलें. १९८० पासून एथिलबेंझिन करतांना पूर्वींच्या अॅल्युमिनियम क्लोराइडची जागा झेडएसएम-५ नें घेण्यास आरंभ केला. त्यामुळें गंजणारीं भांडीं आणि विषारी मळी यांचा त्रास कमी झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेंहि एन्सिलाइट या नांवानें याच जातीचे उत्प्रेरक सिद्ध करून भारतीय कारखान्यांच्या हातीं दिले. पण सर्व किल्ले सर झालेले नाहींत. आयसोब्युटेनपासून उंची पेट्रोल करण्यासाठीं आजहि बहुतेक ठिकाणीं गंधकाम्ल किंवा हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतें. त्यांतील दुसरें तर असें भयंकर, कीं त्याची गळती झाली तर आसपासच्या वस्तीच्या जिवावर बेतावें. या कामीं झिओलाइट मागें पडतो, कारण त्याच्या बोगद्यांत आयन आणि दुहेरी बंधाचे रेणु यांच्या सांखळ्या वाढत जाऊन वाटाच बुजतात. या अडचणीवर तोड काढून झिओलाइट वापरणारा पहिला मोठा कारखाना चीनच्या शानडोंग प्रांतांत २०१५ सालीं सुरू झाला.

म्हणजे एखादा आयन घटकाभर टिकतो कीं महिनाभर, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. आयन अति अल्पायुषी असला तर काम होत नाहीं; अति दीर्घायुषी असला तर वाट अडवून बसतो. आम्लाचा जोर, पाहुण्याची हांव, भिंतीशीं होणारी जवळीक आणि दाराचें माप या चार गोष्टींचा मेळ जेथें बसतो, तेथेंच उत्तम उत्प्रेरक जन्माला येतो. क्रोनस्टेटच्या फुंकणीपुढें फसफसलेल्या खनिजांतून नुसतें पाणी बाहेर आलें होतें. त्या रिकाम्या झालेल्या खोल्यांत कोणाला राहावयास घालावें आणि किती वेळ, हें ठरविण्याचें काम पुढच्या पिढ्यांनीं हातीं घेतलें, तें अजून चालू आहे.